टाके घातल्यानंतरचे दिवस

स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्राच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणी किती कापले, भूल कोणती दिली, किती जणी किती वर्षे जगल्या, हे त्यात बारकाईने सापडते. टाके घातल्यावर त्या बाईला कुठे नेले, रात्री तिच्या उशाशी कोण बसले, घरची चूल कोणी सांभाळली, तिने कोणत्या देवाला हात जोडले आणि दुखरा हात केस विंचरण्याइतका वर जायला किती दिवस लागले, हे मात्र शल्यविशारदांच्या वह्यांत फारसे नसते. ते पत्रांत, देवळांतल्या नोंदींत आणि नवसाच्या वस्तूंत शोधावे लागते.

याला एक जुना आणि ठळक अपवाद आहे तो सुश्रुतसंहितेचा. अर्बुद कापताना त्याचा थोडाही अंश मागे राहिला तर ते लवकर पुन्हा वाढते, असा इशारा या ग्रंथात आहे. एका अर्बुदावर दुसरे उठले तर त्याला वेगळे नावही दिलेले आहे. परंतु शस्त्रकर्मानंतरच्या दिवसांसाठी महत्त्वाचे आहे ते सूत्रस्थानातले एकोणिसावे प्रकरण, व्रणितोपासनीय. ते कोणत्याही एका रोगाबद्दल नाही. ज्याच्या अंगावर व्रण आहे अशा प्रत्येकाची शुश्रूषा कशी करावी, हे त्यात सांगितले आहे. खोली चांगली असावी, वारा थेट अंगावर येऊ नये, अंथरूण ऐसपैस असावे, उशी पूर्वेकडे असावी. नवे धान्य, उडीद, तीळ वर्ज्य. दिवसा झोपू नये. मोहरी, कडुनिंबाची पाने, तूप आणि मीठ यांची धुरी दिवसातून दोनदा, दहा दिवस द्यावी. याच यादीत, त्याच ठामपणे, आणखी दोन गोष्टी येतात. गोड बोलणाऱ्या मित्रांनी रुग्णाजवळ बसून गोष्टी सांगाव्यात, म्हणजे वेदनेचा विसर पडतो. आणि वेदमंत्रांनी त्याचे रक्षण करावे, कारण व्रणाच्या वासाने निशाचर ओढले जातात. निशाचरांवर आजचा वाचक विश्वास ठेवणार नाही. पण आहार, धुरी, सोबत आणि मंत्र हे सगळे शल्यतंत्राच्याच ग्रंथात, उपचाराचा भाग म्हणून एकत्र आले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुढे युरोपात आणि अमेरिकेत शस्त्रक्रिया जसजशी धीट होत गेली, तसतसा हा भाग तिच्या ग्रंथांतून गळत गेला.

युरोपात या दुखण्याचा भार फार काळ देवस्थानांनी वाहिला. ग्रीस आणि इटलीतल्या प्राचीन देवस्थानांच्या उत्खननांत भाजक्या मातीचे हात, पाय, डोळे निघाले आहेत, तसेच स्तनही निघाले आहेत. बरे व्हावे म्हणून किंवा बरे झाल्यावर ते देवाला वाहिलेले असत. त्यांतले किती कर्करोगासाठी, किती दूध येत नाही म्हणून आणि किती गळवासाठी, हे मातीवरून कळत नाही. ख्रिस्ती काळात ही जागा संत अगाथा हिने घेतली. सिसिलीतल्या कातानिया शहरात इ. स. २५१ च्या सुमारास तिचा छळ करून तिचे स्तन कापले गेले आणि रात्री तुरुंगात संत पीटरने येऊन तिच्या जखमा भरून काढल्या, अशी परंपरेची कथा आहे. स्तनांच्या आजारांची ती कैवारी मानली गेली. ५ फेब्रुवारीच्या तिच्या सणाला कातानियात आजही श्रद्धाळूंची मोठी गर्दी होते, आणि अनेक ठिकाणी त्या दिवशी पाव मंत्रून घेतले जातात. मुंबईच्या वाचकाला यात फार परके काही वाटणार नाही. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय आणि इतर अवयव विकायला असतात आणि ते वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक असतात. चांदीचे डोळे किंवा पाय देवाला वाहण्याची रीत महाराष्ट्रातल्या देवळांतही आहे.

श्रद्धेने जखम भरते की नाही हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट स्पष्ट आहे. चौदाव्या लुईची आई, फ्रान्सची राणी अ‍ॅन, हिने मठांतल्या जोगिणींना हा रोग झालेला पाहिला होता आणि त्याचा तिने धसका घेतला होता. १६६६ साली ती त्याच रोगाने गेली. शेवटच्या महिन्यांत तिच्यावर वैद्यांनी केलेले लेप आणि काटछाट यांनी हालच वाढवले. तिला सुसह्य वाटले ते प्रार्थना आणि जवळच्या स्त्रियांची सोबत एवढेच. भूल नव्हती, जंतूंचे ज्ञान नव्हते, तेव्हा वैद्यापेक्षा देवाकडे जाणे हा अडाणीपणा नव्हे, तर साधा व्यवहार होता.

भुलीच्या गोष्टीत जपानचे नाव आधी येते. किई प्रांतातल्या हिरायामा गावचे वैद्य हानाओका सेइशू यांनी धोतरा आणि बचनाग यांच्या मिश्रणातून पोटात घेण्याचे भुलीचे औषध तयार केले आणि १३ ऑक्टोबर १८०४ रोजी काही तास बेशुद्ध ठेवलेल्या एका साठीच्या बाईच्या स्तनातली गाठ काढली. बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग झाला त्याच्या बेचाळीस वर्षे आधीची ही गोष्ट. औषधाची चाचणी घेण्यासाठी हानाओकांची आई आणि बायको पुढे झाल्या आणि त्यात बायकोची दृष्टी गेली, अशी आठवण त्यांच्या घराण्याशी जोडलेली आहे. १९६६ साली आरियोशी सावाको यांनी त्यावर कादंबरी लिहिल्यापासून जपानमध्ये ती घरोघरी माहीत झाली. घराने दिलेला आधार म्हणून ही कथा सांगितली जाते खरी, पण सासू-सुनेच्या चढाओढीत एका बाईचे डोळे गेले, ही तिची दुसरी बाजू कादंबरीकर्तीने लपवलेली नाही.

हानाओकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या दीडशेहून अधिक रुग्णांची नावे लिहून ठेवली. त्या पुढे किती जगल्या, हे मात्र त्यांच्या वहीत नाही. ते सापडले बौद्ध मंदिरांत. जपानमध्ये प्रत्येक घराचे एक मंदिर असे आणि तिथे घरातल्या मृतांची नोंद तिथीवार ठेवली जाई, श्राद्धासाठी. या नोंदींवरून विसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी तेहतीस जणींच्या मृत्यूच्या तारखा जुळवल्या. सर्वांत कमी जगलेली आठ दिवस, सर्वांत जास्त जगलेली एकेचाळीस वर्षे, सरासरी साडेतीन वर्षांच्या थोडी वर. १३ ऑक्टोबरची ती पहिली बाई चारएक महिन्यांत गेली. शस्त्रक्रियेचे यशापयश पुजाऱ्यांच्या वहीवरून मोजावे लागले, याहून वैद्यकाच्या नोंदींतली उणीव दाखवणारे उदाहरण सापडणे अवघड.

याच सुमारास पश्चिमेकडे दोन शस्त्रक्रिया झाल्या, एकमेकींपासून आठवडाभराच्या अंतराने. त्यांची हकीकत घरच्यांच्या पत्रांमुळे टिकली. पहिली ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमध्ये. इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी तेव्हा ५९ वर्षांच्या होत्या. त्यांचे पती फ्रेंच होते. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यविशारद लॅरे यांनी त्यांच्या घरीच शस्त्रक्रिया केली. बर्नींनी आधी मृत्युपत्र केले, नवऱ्याला आणि मुलाला पत्रे लिहून ठेवली, पट्ट्या आणि कापसाचे बोळे स्वतः तयार ठेवले, आणि नवऱ्याला त्या दिवशी कचेरीतच गुंतवून ठेवण्याची व्यवस्था केली. त्याला हे बघवणार नाही, हे त्या जाणून होत्या. काळ्या कपड्यातले सात पुरुष खोलीत आले. भुलीच्या नावाने होता तो उत्तेजक मद्याचा एक प्याला आणि तोंडावर टाकलेला पातळ रुमाल, ज्यातून पात्याची चकाकी दिसत होती. शस्त्रक्रिया सुमारे वीस मिनिटे चालली आणि त्यातला बहुतेक काळ त्या शुद्धीवर होत्या.

या घटनेचे पुढचे टोक कमी सांगितले जाते. बर्नींनी ही हकीकत इंग्लंडमधल्या बहिणीला कळवली, ती कानोकानी भलतेच काही कळू नये म्हणून. पत्र सुरू केले मार्च १८१२ मध्ये आणि संपवले जूनमध्ये. मधले महिने त्या लिहू शकत नव्हत्या. लिहिलेले पुन्हा वाचणेही त्यांना जमले नाही. पतींनी त्यात आपल्या काही ओळी जोडल्या. शस्त्राची जखम भरली तरी मन मागेच राहते, हे वैद्यकाला कळायला आणखी दीडशे वर्षे लागली. या पत्रात ते तारखांसकट आहे. बर्नी त्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगल्या आणि १८४० साली ८७ व्या वर्षी वारल्या. त्यामुळे ती गाठ खरोखर कर्करोगाची होती का, अशी शंका काही अभ्यासक घेतात.

दुसरी शस्त्रक्रिया ८ ऑक्टोबर १८११ रोजी अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी. रुग्ण होती माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांची मुलगी अ‍ॅबिगेल स्मिथ, घरच्यांची नॅबी. सासर न्यूयॉर्कच्या आतल्या भागात, शेतीवर. गाठ वाढू लागल्यावर ती आईवडिलांकडे आली. बापाचे जुने स्नेही डॉक्टर बेंजामिन रश यांनी पत्रातून निक्षून सांगितले की शस्त्रक्रियेला उशीर करू नये. बोस्टनचे जॉन वॉरन यांनी ती माहेरच्या घरात केली. पुढचे नऊएक महिने नॅबी तिथेच राहिली. आईच्या पत्रांत एका वाक्यात मुलीच्या जखमेची खबर असते, दुसऱ्यात देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणे आणि तिसऱ्यात घरातले पुढचे आजारपण, कारण त्याच ऑक्टोबरात आईची बहीण आणि मेहुणे दोघेही एका दिवसाच्या अंतराने वारले. सेवा करणाऱ्या घराला स्वतःचीही दुखणी असतात. १८१२ च्या उन्हाळ्यात नॅबी सासरी परतली, पण रोग उलटला. पुढच्या वर्षी जुलैत वेदनांनी मोडलेल्या अवस्थेत तिने शेकडो मैलांचा गाडीप्रवास केला, तो उपचारासाठी नव्हे, तर वडिलांच्या घरी देह ठेवता यावा म्हणून. तीन आठवड्यांत, ऑगस्ट १८१३ मध्ये, ती गेली.

ईथर १८४६ मध्ये आले, लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ मध्ये. आता शल्यविशारदाला घाई नव्हती आणि जखम सडेल ही भीतीही ओसरली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले विल्यम हाल्स्टेड यांनी १८९४ साली पन्नास रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळे एकसंध काढायचे. रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण त्यामुळे खूप घटले आणि पुढची सुमारे ऐंशी वर्षे ही पद्धत जगभर चालली. किंमत रुग्णाच्या देहाने मोजली. छाती खपाटीला जाई, खांदा आखडे आणि हात सुजून जड होई; या सुजेवर हाल्स्टेड यांनी पुढे स्वतःच लिहिले. पण जीव वाचण्यापुढे हाताच्या अधूपणाला फार महत्त्व नाही, शिवाय या स्त्रिया पंचावन्नच्या आसपासच्या, कामकाजातून जवळपास निवृत्त, असेही त्यांचे म्हणणे होते. पंचावन्नाव्या वर्षी कोणती बाई कामातून निवृत्त होते, हा प्रश्न त्या काळच्या वैद्यकाला पडला नाही. शस्त्रक्रियेला रुग्णालयात नेल्याने आणखी एक बदल झाला. घरचे लोक खोलीबाहेर गेले, भेटीच्या वेळा ठरल्या आणि आजाराचे नाव रुग्णापासूनच लपवण्याची पद्धत पडली.

सोबतीचा आणि शुश्रूषेचा हा भाग परत आत आणला तो रुग्ण स्त्रियांनीच. न्यूयॉर्कच्या टेरीज लॅसर यांची हाल्स्टेड पद्धतीची शस्त्रक्रिया १९५२ साली झाली. हात कसा हलवायचा, कपड्याच्या आत काय घालायचे, नवऱ्याला आणि मुलांना काय सांगायचे, यातले काहीच लॅसर यांना कोणी सांगितले नव्हते. बऱ्या झाल्यावर त्या नव्या रुग्णांच्या खोल्यांत स्वतःहून जाऊ लागल्या. पिशवीत एक चेंडू, एक दोरी आणि तात्पुरता कृत्रिम स्तन असे. दोरी दारावरून टाकून दोन्ही हातांनी आळीपाळीने ओढायची, चेंडू दाबायचा, भिंतीवर बोटे चढवत रोज थोडे वर जायचे. काही डॉक्टरांना ही लुडबुड वाटली आणि काही रुग्णालयांनी त्यांना येण्यास मनाई केली. तरी हे काम ‘रीच टू रिकव्हरी’ या नावाने वाढले, १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतले आणि १९७४ पासून ते युरोपातही रुजले. त्याचा गाभा साधा होता: या वाटेने गेलेलीच बाई नव्या बाईजवळ जाऊन बसणार.

त्यातली खोटही लवकरच दिसली. स्वयंसेविकांना शस्त्रक्रियेच्या निवडीबद्दल अवाक्षर काढायची मुभा नव्हती, आणि सगळा भर होता तो बाहेरून काही झालेच नाही असे दिसण्यावर. कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९७८ मधल्या शस्त्रक्रियेनंतर कृत्रिम स्तन वापरायला नकार दिला आणि १९८० च्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात त्यामागची कारणे मांडली. फिकट गुलाबी रंगाची ती गादी त्यांच्या कातडीच्या रंगाचीही नव्हती. त्यांना सावरले ते मैत्रिणींच्या गोतावळ्याने. पत्रकार रोझ कुश्नर यांची तक्रार वेगळी होती. गाठीची तपासणी आणि स्तन काढणे एकाच भुलीखाली उरकायचे, म्हणजे बाई शुद्धीवर येईपर्यंत तिचा निर्णय दुसऱ्यांनी घेतलेला असे. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या परिषदेने ही रीत आणि हाल्स्टेड पद्धत दोन्ही मागे टाकण्याची शिफारस केली. त्या परिषदेत कुश्नर तज्ज्ञांच्या मंडळावर होत्या. मधल्या काळात, २८ सप्टेंबर १९७४ रोजी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी यांची शस्त्रक्रिया झाली आणि ती लपवली गेली नाही. रुग्णालयात असताना त्यांनी नवऱ्याकडे फुटबॉल फेकला, तो हात चालतो हे दाखवायला. पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला, आणि तपासणीसाठी बायकांच्या रांगा लागल्या.

पुढे शस्त्रच आखडते झाले. मिलानमध्ये वेरोनेसी यांनी आणि अमेरिकेत फिशर यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांनी दाखवले की लहान गाठ काढून किरणोपचार दिले तर आयुष्य तेवढेच मिळते. २००२ साली वीस वर्षांच्या पाठपुराव्यानेही तेच सांगितले. काखेतली फक्त पहिली गाठ तपासण्याची पद्धत १९९० च्या दशकात आली आणि सुजलेल्या हातांची संख्या घटली.

सोबतीने आणि श्रद्धेने आयुष्य वाढते का, हेही आता मोजून पाहिले गेले. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ मध्ये, रोग पसरलेल्या ८६ स्त्रियांच्या अभ्यासातून, दर आठवड्याला एकत्र बसणाऱ्या गटातल्या स्त्रिया सरासरी दीड वर्ष जास्त जगल्याचे जाहीर केले. हे इतके सुखद होते की लोकांनी ते चटकन खरे मानले. कॅनडातल्या २३५ स्त्रियांच्या मोठ्या चाचणीत २००१ मध्ये ते टिकले नाही: आयुष्य वाढले नाही, मात्र वेदना आणि मनस्ताप कमी झाला. २००६ मध्ये हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरच्या अमेरिकन चाचणीत अनोळखी माणसांच्या प्रार्थनेने गुंतागुंत घटली नाही. उलट, आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे खात्रीने माहीत असलेल्यांत ती किंचित जास्त आढळली. उशाशी बसलेल्या आईच्या किंवा स्वतःच्या प्रार्थनेचे मोजमाप मात्र या चाचणीत नव्हतेच. त्याच वर्षी स्तनाचा कर्करोग झालेल्या २,८३५ परिचारिकांच्या अभ्यासात, आजाराआधीच ज्यांना जवळची माणसे नव्हती त्यांच्यात या रोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे दुप्पट दिसला. याचे कारण संशोधकांनी गूढ काही मानले नाही. दवाखान्यात नेणारे, जेवू घालणारे, औषधाची आठवण देणारे माणूस असणे वा नसणे, एवढ्याने फरक पडतो.

मुंबईत हे माणूस सोबत घेऊनच रुग्ण येतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा यांचा मृत्यू १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने झाला होता, त्यातून ही कल्पना निघाली. तिथले मूळ गोव्याचे शल्यविशारद अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आज रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आहे. महाराष्ट्रातून, बिहार-बंगालमधून, ईशान्येकडून येणाऱ्या कुटुंबांना शस्त्रक्रियेनंतर ड्रेसिंगसाठी, मग केमोथेरपी आणि किरणोपचारांसाठी महिनोन्‌महिने शहरात राहावे लागते आणि मुंबईत खोली परवडत नाही. परळच्या पदपथांवर स्टोव्ह मांडून बसलेली कुटुंबे हे शहराचे जुने दृश्य आहे. त्यांना छप्पर मिळाले ते सरकारी योजनेपेक्षा धर्मशाळांच्या परंपरेतून. स्वतः झाडू घेऊन गावे साफ करणाऱ्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आता कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन आहे. रेल्वेची सवलतही रुग्णाबरोबर एका सोबत्याला मिळते. सोबतीला सरकारी कागदावर मान्यता मिळाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण.

घराचा आधार नेहमीच सरळ नसतो. भारतात हा रोग पाश्चात्य देशांपेक्षा सरासरीने कमी वयात दिसतो, तेव्हा घरात शाळेतली मुले असतात आणि जिने सगळ्यांची सेवा करायची तीच अंथरुणावर असते. गाठ लाजेने लपवली जाते. आजार पसरेल या समजुतीने ताटवाटी वेगळी ठेवणारी घरेही असतात. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हातात घट्ट बांगड्या घालू नयेत, भाजू-कापू देऊ नये, जड कळशी उचलू नये, असे सांगितले जाते. अलीकडच्या अभ्यासांनी इंजेक्शन आणि रक्तदाबाबाबतचे जुने निर्बंध सैल केले आहेत. पण सवाष्णीने एक हात मोकळा ठेवायचा, हे सासूला पटवावे लागते, आणि ते डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा शेजारच्या, याच वाटेने गेलेल्या बाईच्या बोलण्याने लवकर पटते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून चालवलेल्या चाचणीतही हेच सूत्र होते. प्रशिक्षित आरोग्यसेविका घराघरांतल्या बायकांना हाताने स्तनतपासणीसाठी बोलवत. सुमारे दीड लाख स्त्रियांचा वीस वर्षांचा पाठपुरावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला: रोग आधीच्या टप्प्यावर सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

लवकर सापडलेल्या रोगात शस्त्रक्रियेनंतरचा काळ लांबतो. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या गाठी असतील तर टॅमॉक्सिफेनची गोळी रोज, पूर्वी पाच वर्षे घ्यायची असे; २०१३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीने दहा वर्षे घेतल्यास रोग उलटण्याचे प्रमाण आणखी घटते असे दाखवल्यावर अनेकींना ती दहा वर्षांपर्यंत दिली जाते. एवढ्या काळात धर्मशाळेतले नातेवाईक कधीच गावी परतलेले असतात, आणि वर्षातून एकदोनदा तपासणीसाठी परळला येताना बाईसोबत आता बहुधा मोठी झालेली मुलगी असते.